खोट्या हाका

ऑफिसात तिला सगळे मालकीणबाई म्हणत. तिच्या मालकीचं म्हणाल तर हातातली पिशवी आणि पिशवीतला डबा, एवढंच. राहतं घर सासूबाईंच्या नावावर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नवरा गेला तेव्हा माहेरचे न्यायला आले होते, पण ती गेली नाही. सासूबाईंनी ‘राहा’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे दोन कप चहाचे ठेवले. तेव्हापासून एका घरात दोघीजणी, एक टीव्ही, आणि टीव्हीच्या आवाजावरून रोजची कुरबुर, असा संसार चालला होता.

तिची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मनगटावर बांधायचं एक बटण द्यायची. पाय घसरला, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. टेबलावर ठेवलेल्या डबीतून कुणीतरी विचारायचं, “बोला, काय झालं?” आणि मग शेजारी, मुलगा, रुग्णवाहिका, जे लागेल ते धाडायचं. हे विचारणारं कुणीतरी म्हणजे तळमजल्यावरच्या फोनच्या खोलीतल्या बायका. कानाला हेडफोन लावून हिनं उमेदीची वर्षं त्या खोलीत काढली. शेजारच्या खुर्चीवर थोरली बसायची. खोलीत वयानं सगळ्यांत मोठी म्हणून ती थोरली. दोघींचा डबा एक, रजा एक, आणि साहेबलोकांना नावं ठेवायची ती पण एकत्र. हिचा आवाज जरा घोगरा होता, घाई नसलेला. घाबरलेलं माणूस तो ऐकून निम्मं सावरायचं, असं थोरली म्हणायची.

मग कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी जुनं सॉफ्टवेअर मोडीत काढलं आणि वरच्या मजल्यावर प्रोग्रामर मुलामुलींची एक टीम बसवली. वर्षावर्षाचे आराखडे आता बंद, असं त्यांनी सांगितलं. दोन आठवड्यांत होईल तेवढंच काम हातात घ्यायचं, करून दाखवायचं, चुकलं तर सुधारायचं, पुढचं घ्यायचं. अशा टीमला प्रॉडक्ट ओनर नावाचं एक माणूस लागतं. काय बनवायचं, त्यात आधी काय आणि नंतर काय, हे त्यानं ठरवायचं. प्रोग्राम लिहिता आला नाही तरी चालतं, पण वापरणाऱ्याचं दुखणं त्याला कळलं पाहिजे. साहेबांनी फोनच्या खोलीतून हिला वर बोलावलं.

“तुम्हाला आपली माणसं माहीत आहेत,” साहेब म्हणाले. “टीमला तेच हवंय.”

“पण मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.”

“ते कळणारे बसलेत ना तिथे. तुम्ही फक्त ठरवायचं.”

फक्त ठरवायचं. ती जिना उतरताना हे शब्द पुन्हा पुन्हा तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होती.

रात्री जेवताना तिनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, “ओनर म्हणजे मालक ना? म्हणजे तू मालकीण. कशाची?”

“एका बटणाची.”

“आणि पगार?”

“थोडा वाढलाय.”

“मग मालकी नावालाच दिसते.”

हे तिनं हसत हसत टीमला सांगितलं आणि चूक केली. टीमचा म्होरक्या दाढीवाला होता. अंगानं आडवा, बोलायला मऊ. त्यानं त्याच क्षणी तिला मालकीणबाई करून टाकलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

सुरुवातीला तिची फार तारांबळ उडाली. रोज सकाळी टीम उभ्या उभ्या पाच-दहा मिनिटं बोलते, कुणाचं काय चाललंय, कुणाचं काय अडलंय. पहिल्या दिवशी ती दारात आली आणि सगळ्यांना गोलात उभं राहिलेलं बघून तिला वाटलं, कुणीतरी गेलं. तीही मान खाली घालून गप्प उभी राहिली. दाढीवाल्यानं तिला “तुमचं काही अडलंय का” असं विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. नंतर कितीतरी दिवस टीम त्यावर हसली, आणि तीही.

पण काम तिला लवकरच उमगलं. करायच्या कामांचा एक ढीग असतो, त्याला बॅकलॉग म्हणतात, आणि त्या ढिगाची राखण ही तिची नोकरी होती. प्रत्येकाला आपलं काम ढिगाच्या वर हवं. विक्रीवाल्यांना डबी तीन रंगांत हवी. हिशेबवाल्यांना नवे तक्ते हवेत. फोनच्या खोलीत ‘नाही’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. इथे तोच दिवसभर वापरायचा होता. ‘नाही’ म्हटल्यावर सुरुवातीला ती मागाहून त्या माणसाची माफी मागायला जायची. हळूहळू ते जाणं थांबलं. ते थांबलं हे चांगलं की वाईट, याचा विचार करायला सवड मिळाली नाही.

दाढीवाला प्रत्येक कामाला “हे का?” असं विचारायचा. त्यावर ती तक्ता काढायची नाही, माणूस सांगायची. एक आजी आहेत, त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेत, बटण दाबायला त्यांना दुसऱ्या हाताची मूठ आपटावी लागते. हे ऐकल्यावर “का” संपायचं आणि मुलं कामाला लागायची. बटण मऊ झालं ते असं. नंतर नंतर ती टीमला बरोबर घेऊन घरोघरी जायला लागली, आणि तशीच ती सगळी एकदा क्रेनकाकांकडे गेली.

क्रेनकाका बंदरात क्रेन चालवायचे. आता लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत शेवटच्या मजल्यावर राहत होते. “उंचावर बसायची सवय,” असं ते म्हणत. खरं कारण भाडं होतं. बायको वारली होती. दुसऱ्या गावात एक पुतणी, तेवढंच नातं उरलेलं. खुर्ची खिडकीशी ओढून ते बसायचे, आणि बाजूला रेडिओ बारीक आवाजात चालू.

दारातूनच ही म्हणाली, “काका, येऊ का?” आणि ते ताडकन उठले.

“सिग्नल तुम्ही,” ते म्हणाले. “आवाजावरून ओळखलं. मला वाटलं होतं तुम्ही बारीक असाल.”

मुलं हसली. मग काकांनी समजावून सांगितलं. क्रेनच्या केबिनमध्ये माणूस एकटा. खाली नेमकं काय चाललंय ते वरून दिसत नाही. कानात फक्त सिग्नलवाल्याचा आवाज. तो म्हणेल डावीकडे, तर डावीकडे. तो म्हणेल थांब, तर थांब. “त्याला समोरासमोर बघायचो ते चहाला. पण त्याचा आवाज मी बायकोच्या आवाजापेक्षा जास्त ऐकला असेल,” काका म्हणाले. “रिटायर झालो आणि कान एकदम रिकामे झाले.”

म्हणून ते रोज सकाळी चहा झाला की मनगटावरचं बटण दाबायचे आणि म्हणायचे, “क्रेनवर आलोय.” फोनच्या खोलीतली जी कुणी असेल ती विचारायची, “या काका. वारा कसा आहे?” ते म्हणायचे, “बरा आहे. चालू द्या.” संपलं. ही खाली होती तेव्हा बऱ्याचदा हिच्याच कानात यायचं ते. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

कंपनीच्या तक्त्यात मात्र याला नाव होतं. संकट नसताना दाबलेलं बटण म्हणजे खोटी हाक. आणि निम्म्याहून जास्त हाका खोट्या होत्या. गरीब म्हाताऱ्यांच्या बटणांचे पैसे नगरपालिका भरायची, आणि तिनं आता दोन अटी घातल्या होत्या. खोट्या हाका कमी करा, आणि बटण न दाबताही माणूस पडलेलं ओळखेल असा पट्टा द्या. नाहीतर कंत्राट दुसऱ्याला. अटीमागे तथ्य होतं. खोट्या हाकेत बाई गुंतली की खरी हाक मागे ताटकळते, हे मालकीणबाईनं स्वतः फोनच्या खोलीत भोगलं होतं.

ती आणि दाढीवाला त्या हाकांची रेकॉर्डिंग ऐकत बसले. एक बाई विचारत होत्या, आज वार कोणता. एक गृहस्थ म्हणत होते, बटण चालतंय का ते बघितलं. कुणाच्या बरणीचं झाकण निघत नव्हतं. कुणाचा पंखा आवाज करत होता, तो त्यांनी फोनमधून ऐकवला. दाढीवाल्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“या खोट्या नाहीत,” तो म्हणाला.

“खऱ्याही नाहीत,” ती म्हणाली. “मधल्या आहेत.”

मधल्या हाकांसाठी तिनं एक काम मांडलं. बटण दाबून धरलं तर संकट. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर ‘बोलायचंय’. बोलायचंयवाल्यांची रांग वेगळी, म्हणजे खऱ्या हाकेच्या वाटेत कुणी येणार नाही. टीमनं ते इतकं मन लावून केलं की काम संपलं त्या दिवशी मुलं घरी जायला तयार नव्हती. थोड्या घरांत लावून बघितलं. म्हाताऱ्या माणसांना ते आवडलं. खरं तर फारच आवडलं. महिन्याभरात फोनच्या खोलीतल्या बायकांना पाणी प्यायला फुरसत मिळेना, आणि साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला आधी बसायला सांगितलं, मग बोलले.

“लोकांना आवडलंय ते मला दिसतंय. पण याचे पैसे कोण देणार? नगरपालिका पडल्याचे पैसे देते, गप्पांचे देत नाही.”

“मग काय करायचं?”

“टीम एकच आहे. एकतर ती हे गप्पांचं निस्तरत बसेल, नाहीतर पट्टा करेल. पट्टा वेळेत झाला नाही तर कंत्राट गेलं. मग कुणाच्याच हातात बटण राहणार नाही.” त्यांनी कंत्राटाचा कागद तिच्यापुढे सरकवला. “मी तुम्हाला अमुकच करा असं सांगणार नाही. प्रॉडक्ट ओनर तुम्ही आहात. निर्णय तुमचा.”

त्या दिवशी तिला कळलं की ‘फक्त ठरवायचं’ म्हणजे काय. दोन्ही बाजूंना माणसंच होती, आणि मधल्या खुर्चीत ती एकटी.

घरी तिनं भाजी चिरता चिरता सासूबाईंसमोर सगळं मांडलं. सासूबाई म्हणाल्या, “पडलेल्याला उचलायचं की बसलेल्याशी बोलायचं, हे काय विचारायला लागतं? पडलेल्याला उचल. बसलेला काही मरत नाही.”

तिलाही तेच बरोबर वाटलं. कुणालाही वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उभ्या बैठकीत तिनं सांगितलं, ‘बोलायचंय’ काढून टाका आणि पट्टा वर घ्या. दाढीवाल्यानं यावेळी “हे का” विचारलं नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं, आणि तिला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

खोट्या हाका गाळायला एक उपाय निघाला. बटण दाबलं की आधी डबीतूनच रेकॉर्ड केलेला आवाज येईल, “मदत हवी असेल तर बटण पुन्हा दाबा.” पुन्हा दाबलं तरच फोन खोलीतल्या बाईकडे जाईल. आवाज कुणाचा लावायचा अशी चर्चा निघाली तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं हिचं नाव घेतलं. तुमचा आवाज ऐकून माणसं घाबरत नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिला बरं वाटलं. पट्ट्याच्या कामात असताना तिनं मधेच एक दुपार काढून, काचेच्या खोलीत बसून, ते एक वाक्य मनासारखं जमेपर्यंत परत परत म्हटलं.

पट्टा वेळेत झाला. घरोघर जाऊन जुनी बटणं काढून बटणासकट नवे पट्टे बांधले गेले आणि त्याबरोबर तो आवाजही सुरू झाला. पहिल्या काही दिवसांचं रेकॉर्डिंग तपासणं हे तिचंच काम होतं. तिसऱ्या की चौथ्या फोनला तिच्या कानात क्रेनकाका आले.

“क्रेनवर आलोय.”

“मदत हवी असेल तर बटण पुन्हा दाबा,” तिचा आवाज म्हणाला.

“नको, मदत नको. वारा बरा आहे. तुम्ही बऱ्याच दिवसांनी आज.”

“मदत हवी असेल तर बटण पुन्हा दाबा.”

मग थोडा वेळ रेडिओचा बारीक आवाज, आणि फोन आपोआप बंद झाल्याची टकटक. तिनं ते पुन्हा ऐकलं नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती तडक काकांकडे गेली, आणि धापा टाकत शेवटच्या मजल्यावर पोचली.

काका रागावलेले नव्हते. त्यांनी चहा केला. ती समजावून सांगत होती आणि ते मान हलवत होते.

“म्हणजे तुम्ही बोलणार, पण ऐकणार नाही,” ते म्हणाले. “क्रेनवर असा सिग्नल चालायचा नाही. समोरून उत्तर आलं नाही की हात थांबवायचा, असा नियम होता.”

“काका, पट्टा आहे ना आता. तुम्ही पडलात तर बटण दाबायचीसुद्धा गरज नाही. आम्हाला लगेच कळेल.”

“पडलो तर कळेल?”

“हो.”

“आणि नाही पडलो तर?”

“नाही पडलात तर चांगलंच आहे की.”

काका हसले. “ते आहेच,” म्हणाले, आणि कप उचलून आत ठेवायला गेले. निघताना तिनं सांगितलं, मी येत जाईन. ती खोटं बोलत नव्हती. नंतर एकदा ती गेलीही. पण दोन-दोन आठवडे कसे संपतात ते त्या कामात कळत नाही. एक संपलं की त्याच संध्याकाळी पुढचं आखायला बसायचं असतं.

पट्ट्यानं आपलं काम चोख केलं. न्हाणीघरात पडून कंबर मोडलेल्या एका बाईंपर्यंत माणसं वेळेत पोचली. त्यांच्या मुलानं ऑफिसात येऊन दाढीवाल्याला मिठी मारली. कंत्राट राहिलं. तक्त्यातली खोट्या हाकांची रेघ उतारावर लागली, आणि साहेबांनी एक दिवस केक मागवला आणि सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. केकचा तुकडा हातात असताना तिला काचेतून जिना दिसत होता. फोन कमी झाल्यामुळे खालच्या खोलीतल्या दोघींना त्याच आठवड्यात घरी बसवलं होतं. त्यातली एक थोरली. ती आपला कप आणि शाल पिशवीत घालून जिन्याशी आली होती, पगाराचा कागद न्यायला. तिनं काचेतून आत पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि गेली. मालकीणबाई मागून धावली, तोवर ती रस्त्याला लागली होती. हाक मारली तर तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

थंडी संपत आली होती तेव्हा क्रेनकाका गेले.

खालच्या मजल्यावरचा शेजारी भांडायला वर गेला होता, रेडिओ रात्रंदिवस चालू, आणि रात्री तो बारीक आवाजही खाली ऐकू येतो म्हणून. दार उघडेना. मग कुलूप तोडलं. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले होते, आणि तसे बसून त्यांना काही दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच बहुतेक, काही करता आलं नसतं. पट्टा हातावर नव्हता. भिंतीजवळ चार्जिंगला लावलेला होता, दिवा हिरवा.

कंपनीनं रीतसर चौकशी केली. उपकरणात दोष नव्हता. वापरणाऱ्यानं ते घातलं नव्हतं, आणि घातलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण तो पडला नव्हता. साहेबांनी तो कागद तिला दाखवला आणि म्हणाले, “तुमच्या मनाला लावून घेऊ नका.” ती “हो” म्हणाली.

पुतणी डबी आणि पट्टा परत करायला आली. मध्यम वयाची, थकलेली बाई. तिला बसवलं, पाणी दिलं.

“तुम्ही सिग्नल ना?” पुतणीनं विचारलं. “काका सांगायचे. मी महिन्यातून एकदा फोन करायचे तेव्हा. मी तुम्हाला काही बोलायला आले नाही. मी तरी कुठे रोज करत होते.” ती डबीवरून हात फिरवत होती. “सामान आवरताना मी बटण दाबून बघितलं. तुमचा आवाज आला. मला वाटलं तुम्हीच आहात. मी सांगितलं तुम्हाला, काका गेले म्हणून.”

पुतणी उठली तेव्हा मालकीणबाईनं तिला दारापर्यंत सोडलं, आणि मग जिन्यातच बसून राहिली. जाणारे-येणारे तिला वळसा घालून जात होते.

दाढीवाल्यानं मग एकट्यानं बसून पट्ट्यातली नोंद काढली. तिला बोलावून दाखवली. नवा आवाज सुरू झाल्यावरही काकांनी काही सकाळी बटण दाबलं होतं. दर वेळी एकदाच, पुन्हा नाही. त्यानंतर दाबलेलंच नव्हतं. पट्टा रोज रात्री चार्जिंगला मात्र लावलेला होता.

“या सकाळी कुठे मोजल्या आपण?” तिनं विचारलं.

दाढीवाल्यानं पडद्यावरची उतरती रेघ दाखवली. गाळलेली खोटी हाक, म्हणून त्यातली प्रत्येक सकाळ यशात जमा झाली होती. केक त्याच रेघेचा होता.

“ते मदत मागत नव्हतेच,” ती म्हणाली. “मी आहे, एवढं सांगत होते. रोज सांगत होते म्हणून, ज्या दिवशी सांगितलं नसतं त्या दिवशी कळलं असतं.”

दुसऱ्या दिवशी तिनं कुणालाही न विचारता एक काम ढिगाच्या वर ठेवलं. नेहमी बटण दाबणारं माणूस एखाद्या सकाळी गप्प राहिलं, तर फोनच्या खोलीतून त्याला फोन जावा. साहेबांनी ऐकलं आणि अडवलं नाही. टीमनं ते भराभर केलं. पण ते करून झाल्यावर दाढीवाला तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हात खिशात, नजर खाली.

“चालतंय,” तो म्हणाला. “पण बघायला काही उरलेलं नाही, मालकीणबाई. नेहमी दाबणारे आता कुणी नाहीतच. आपण त्यांची सवय मोडलीय.”

मग ती साहेबांकडे गेली आणि तो रेकॉर्ड केलेला आवाज बंद करा म्हणाली. साहेबांनी हिशेब मांडला, तिनं ऐकून घेतला, आणि पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा साहेबांनी सकाळचा एक तास दिला. तेवढ्या तासात बटण दाबलं तर सरळ माणूस बोलेल. जादा बाई मात्र मिळणार नाही.

“मी बसेन,” ती म्हणाली.

ज्यांच्याकडे बटणं होती त्या सगळ्यांना तसं कळवलं. पहिल्या सकाळी ती खाली जाऊन तिच्या जुन्या खुर्चीत बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. दिवा लागला. तिनं हेडफोन सरळ केला.

“बोला,” ती म्हणाली.

समोरून काहीच नाही. श्वास ऐकू येत होता, आणि कुठेतरी नळ चालू होता.

“बोला ना. काय म्हणता?”

“तीच टेप आहे गं,” पलीकडून कुणी म्हातारी बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि बंद केलं.

दुसऱ्या फोनला तसंच झालं. तिसऱ्यानं तिचं ‘बोला’ पुरतं ऐकायच्या आतच बंद केला. ती आपलं नाव सांगून बघायची, मी खरी बोलतेय असं सांगायची, पण माणसं तेवढं थांबायचीच नाहीत. त्या वर्षभरात तिचा आवाज ऐकला की उत्तर द्यायचं नसतं, हे त्यांना नीट शिकवून झालं होतं. चार-पाच दिवस तिनं नेटानं रेटलं. मग एका सकाळी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि संध्याकाळी थोरलीच्या घरी गेली.

थोरलीनं दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

“काम आहे,” मालकीणबाई म्हणाली. “सकाळचं, एक तासाचं. त्याचे पैसे माझ्या पगारातून कापून घ्यायला मी साहेबांना तयार केलंय, ते तू मनावर घेऊ नकोस. माझा आवाज चालत नाही तिथे.”

“तुझा चालत नाही?”

“नाही.”

थोरलीनं तिच्याकडे नीट पाहिलं. काय दिसलं कुणास ठाऊक. “क्रेनवाल्यांचं कळलं मला,” एवढंच बोलली. मग म्हणाली, “सोमवारपासून येते. त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी नाही.”

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना यातलं सगळं सांगितलं, काका कसे सापडले ते पण. ते आधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. झोपायच्या आधी हिच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, मग दिवा घालवून गेल्या.

तो तास अजून चालू आहे. साहेब बदलून गेले, दुसरे आले, त्यांनीही तो काढायचा म्हणून पाहिला, पण त्या एका गोष्टीवर ती कुणाचं ऐकत नाही. बटण दाबणारी माणसं थोडीच परत आली. बरीचशी आलीच नाहीत. त्यातली काही वारली असतील, काहींना आता बोलायचं नसेल. रोज सकाळी वर जायच्या आधी ती फोनच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबते. थोरली कानाला हेडफोन लावून बसलेली असते. ती वळत नाही, फक्त खांद्यावरून हात वर करते आणि आज किती जण बोलले ते बोटांनी दाखवते. कधी तीन, कधी दोन. कधी नुसतीच मूठ. मालकीणबाई बघते, मान हलवते, आणि जिना चढून वर जाते. वर टीम गोलात उभी असते, आणि आज आधी काय घ्यायचं ते तिला विचारायला थांबलेली असते.